म्हशीला वाचून दाखवलेल्या कादंबऱ्या

नातीच्या उशाशी पडलेलं पुस्तक मी उचललं आणि जुन्या खोडीनं आधी नाकाशी नेलं. कोऱ्या कागदाचा, शाईचा, बांधणीच्या डिंकाचा वास. स्वच्छ आणि परका. वेष्टनावर एक मुलगी आणि एक लांडगा कपाळाला कपाळ टेकवून उभे, मागं बर्फ, वर वाटोळा चंद्र. आमची नात तशी खमकी. रिक्षावाल्याशी हुज्जत घालताना निम्मी गल्ली गोळा करते. पण हे पुस्तक संपवून ती दुपारपासून उशीत तोंड खुपसून पडली होती. लांडगा मेला होता. "शेवटाच्या किती अलीकडं मेला?" मी विचारलं, तर म्हणाली, "आजी, तुला काळीजच नाही." आता काळजाचं मला ठाऊक नाही, पण माणसाजनावरांच्या मैत्रीच्या कादंबऱ्यांचं मला चांगलं ठाऊक आहे. त्यांतलं जनावर शेवटाच्या जरासं अलीकडं मरतं, म्हणजे मागं राहिलेल्या माणसाला आणि वाचणाऱ्यालाही मनसोक्त रडायला जागा उरते. अगदी शेवटच्या ओळीत मारलं तर रडू घशात अडकतं, आणि मधेच मारलं तर पुढं कुणी वाचत नाही.

"तुझं होतं का गं असं कुणी जनावर?" नाक पुसत तिनं विचारलं. "होती की. म्हैस." हे ऐकून ती जी हसायला लागली ती थांबेना, लांडग्याचं दुःख पार वाहून गेलं. मीही हसले. पण पुस्तक खाली ठेवताना बोटांना वेगळाच वास आल्यासारखं वाटलं. सरकीच्या पेंडीचा, भिजल्या कडब्याचा, आणि त्या सगळ्याच्या तळाशी मिठाचा. मिठाला कुठं वास असतो, असं तुम्ही म्हणाल. असतो. कातडं मीठ लावून वाळत घातलेलं ज्यानं स्वतःच्या अंगणात पाहिलं आहे, त्याला तो कधीही, कुठंही येऊ शकतो.

म्हशीवर कुणी कादंबरी लिहीत नाही, हे मला अगदी रास्त वाटतं. कुत्र्याच्या डोळ्यांत आर्जव असतं, घोड्याच्या मानेत डौल असतो, हत्तीला तर नुसतं उभं केलं तरी प्रकरण भरतं. म्हशीच्या चेहऱ्यावर काहीच नसतं. ती तुमच्याकडं बघते तेव्हा तुम्ही आणि तुमच्या मागची भिंत तिला सारखीच दिसत असावी. पुराणांनीही तिच्या नवऱ्याला उचलून थेट यमाच्या दारात नेऊन उभं केलं. म्हणजे तिच्या या काळ्या गोतावळ्यात थोर नातेवाईक एकच, आणि त्याची ओळख सांगायची सोय नाही. पण त्या वयात मला हे कोण सांगणार? त्या वयातली मी म्हणजे दोन वेण्या, अंगावर मूठभर मांस नाही आणि डोक्यात ढीगभर कादंबऱ्या. आज ती पोरगी समोर आली तर मी तिच्या हातातलं पुस्तक काढून घेऊन आधी शेणाची पाटी देईन आणि मग दाराआडून बघत बसेन, काय करते ते.

माझं माहेर इचलकरंजीचं. वडील मागावर, आणि घराच्या भिंतीला भिंत लावून मागांची शेड. दिवसरात्र खडखडाट. तो थांबला तर आम्ही दचकून जागे व्हायचो. आई ओट्यावर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि मी तिला कादंबऱ्या वाचून दाखवायची, त्याही अशाच, नावाड्याच्या आणि त्याच्या कुत्र्याच्या, डाकवाल्याच्या आणि त्याच्या म्हाताऱ्या घोड्याच्या. मागांच्या वरताण ऐकू जायचं म्हणजे घसा फोडावा लागे. त्यामुळं माझं वाचणं हे वाचणं नव्हतंच. ती एक हाळी होती. एका पट्टीत सुरू व्हायचं, मागाच्या ठोक्यावर पाय टाकत जायचं आणि वाक्याच्या टोकाला जरा वर चढून थांबायचं. नावाडी मरो की घोडा मरो, चाल तीच. आईला त्यात काही वावगं वाटत नसे. लग्न ठरलं तेव्हा तिनं मुलाकडच्यांना इतकंच सांगितलं, की पोरगी कामाला बरी आहे, आवाज तेवढा मोठा आहे.

सासर कोल्हापुरात, पेठेत. पुढं घर, मागं गोठा, आणि संध्याकाळी म्हशी घेऊन दूधकट्ट्यावर जायचं. तिथं गिऱ्हाईक पेला पुढं करतं, म्हैस समोर उभी असते आणि कासेखालचं फेसाळ दूध तिथल्या तिथं पिऊन मिशा पुसत माणसं घरी जातात. गोठ्याचा सगळा कारभार सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आत्याबाईंच्या हातात. बाई हडकुळी, बोलायला तिखट, आणि बोटं अशी की सडाला लागली की जनावर डोळे मिटून घ्यायचं. मी गोठ्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा कोपऱ्यातल्या एका पंढरपुरी म्हशीनं माझ्याकडं मान वळवली. लांबच लांब शिंगं, पार खांद्यापर्यंत गेलेली. झालं. माझ्यातल्या कादंबरीनं ताबडतोब निकाल दिला, की हिनं मला ओळखलं. दुसऱ्या दिवशी आसपास कुणी नाही असं बघून मी तिच्याजवळ गेले, डोळे मिटले आणि मुखपृष्ठावरच्या नायिकेसारखं कपाळाला कपाळ टेकवलं. नेमकी त्याच वेळी तिच्या कानावर गोमाशी बसली. तिनं मान झटकली. माझ्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं आणि गल्लीतल्या बायकांनी चार दिवस आत्याबाईंकडं वाकड्या नजरेनं बघितलं. "मी हात लावला न्हाय वो तिला," आत्याबाई ज्याला त्याला सांगत सुटल्या, "म्हशीनं मारलंय. म्हशीला मुका द्यायला गेलती."

ती म्हैस तेव्हा गाभण होती. व्याली, आणि रेडा झाला. रेडी असती तर पुढं दुधाला आली असती, गोष्ट निराळी होती. पण हे मला तेव्हा कळायचं नव्हतं. काळं, ओलं, थरथरतं ते रेडकू पायांवर उभं राहायला धडपडत होतं आणि मी त्याच्यासाठी मनात नावं शोधत होते. घरात मात्र कुणी पेढे आणले नाहीत. त्याला आईपासून लांब, दाराजवळच्या खुंट्याला बांधलं. दूध काढायच्या वेळी घटकाभर सोडायचं, म्हशीला पान्हा फुटला की तोंड ओढून काढायचं, पुन्हा बांधायचं. मी त्याच्या गळ्यात लाल दोरा बांधला तेव्हा आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं, "लळा लावू नगंस त्येला. त्येचं काय खरं न्हाय." आवाज रागाचा नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. ते रेडकू दिवसेंदिवस मोठं व्हायच्या ऐवजी लहान होत चाललं होतं, आणि घरातलं कुणीच ते बघत नव्हतं. एका सकाळी खुंट्याला नुसता दोर होता.

कादंबरीत कुणीतरी विचारतं, कशानं गेलं? आमच्याकडं कुणी विचारलं नाही. मीच एकदा तोंड उघडलं, तर नवरा पायांत चपला घालत घालत म्हणाला, "जायचंच हुतं ते." आणि गेला कट्ट्यावर. अंगणात चार काठ्यांवर कातडं पसरलेलं होतं, मीठ लावून. काही दिवसांनी ते रेडकू परत आलं. आत पेंढा भरलेला, पोटावर सुतळीची शिवण, पायांच्या जागी काठ्या, डोळ्यांच्या जागी काही नाही. आमच्याकडं ही जुनी रीत होती. म्हशीला पिल्लाचा वास यावा, तिनं ते चाटावं आणि दूध सोडावं, एवढाच तिचा अर्थ. आत्याबाईंनी ते म्हशीच्या तोंडापुढं उभं केलं. बाकीच्या म्हशींच्या बाबतीत चालायचं म्हणे. हिनं पुढं मान केली, लांबून हुंगलं, आणि तोंड फिरवलं. सगळी कास दगडासारखी तटतटलेली, आणि थेंब सोडेना. त्या पेंढ्याच्या जनावराला मी दिवसाउजेडीसुद्धा पाठ करत नसे. ते कधीतरी वळून बघेल असं वाटायचं, आणि बघायला त्याला डोळे नव्हते याचीच जास्त धास्ती वाटायची.

आणि मग तो माणूस यायला लागला. जनावरांचा दलाल, आमच्याकडं त्याला हेडी म्हणतात. पांढरंफेक धोतर, खांद्यावर टॉवेल, बोलणं अत्यंत गोड. या लोकांचा सौदा तोंडानं होत नाही. दोघं एकमेकांचा हात टॉवेलाखाली धरतात आणि बोटं दाबून दर ठरतो. बघणाऱ्याला नुसता हलणारा टॉवेल दिसतो आणि वर दोन कोरे चेहरे. तो आला की चहा मागायचा, पावसापाण्याचं बोलायचा आणि बोलता बोलता म्हशीकडं बघायचा. तिच्या तोंडाकडं त्यानं कधी बघितलं नाही. पुठ्ठ्यांकडं बघायचा, बरगड्यांकडं बघायचा. "काय, सोडती का न्हाय?" एवढंच विचारायचा. विकणं हा शब्द कुणी वापरत नसे. "पाठवू या मग," असं म्हणत. मुलगी सासरी पाठवावी तसं. कुठं, असं मी विचारलं तेव्हा तो हसून म्हणाला, "पलीकडं, वैनी." कशाच्या पलीकडं ते त्यानं सांगितलं नाही, आणि घरातल्या कुणाला ते विचारावंसंही वाटलं नाही, यावरून मी काय ते समजले. तेवढी अक्कल मला होती.

खरं सांगायचं तर तिला वाचवावं म्हणून मी काही केलं नाही. मी गोठ्यात जाऊन बसले ती चोरून वाचायला. घरात पुस्तक उघडलं की कुणी ना कुणी हाक मारायचं. गोठ्यात शेणाच्या वासाला कंटाळून कुणी हाक मारायला येत नसे. पेठेतल्या वाचनालयातून आणलेली नावाड्याची आणि त्याच्या कुत्र्याची कादंबरी मी उघडली, आणि मनातल्या मनात वाचायची सवयच नसल्यामुळं माझी हाळी सुरू झाली. महापूर, बुडती नाव, काठावर भुंकणारा कुत्रा. पलीकडं आत्याबाई हट्टानं त्या म्हशीच्या कासेशी बसल्या होत्या. मी पान उलटायला थांबले, तेवढ्यात त्या किंचाळल्या, "थांबू नगंस! वाच, वाच! सोडलं हिनं!" तांब्यात धार वाजत होती. मी वाचत राहिले आणि धार वाजत राहिली. तांब्या भरला, दुसरा आणला, आणि त्या म्हशीनं मागचे पाय जरा फाकवून, मान खाली घालून, स्वस्थ उभं राहून सगळी कास रिकामी केली.

त्या दिवशी त्या दोन वेण्यांच्या पोरीची छाती केवढी फुगली म्हणून सांगू! म्हशीला गोष्ट कळली! कुत्र्याच्या दुःखानं तिला पान्हा फुटला! मी हे नवऱ्याला सांगितलं, जावांना सांगितलं, माहेरी निरोप धाडला. आत्याबाई तेवढ्या म्हणाल्या, "गोष्ट न्हाय गं बाई. आवाज. एकसारखा हाय, झोप येती." मला ते इतकं झोंबलं की दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम पेपर घेऊन बसले आणि गुळाची आवक आणि गुळाचा बाजार त्याच चालीत वाचून दाखवला. धार तशीच. कासेखालून आत्याबाईंनी विचारलं, "आज कुत्र्याचं काय झालं?" मी म्हटलं, "कुत्रं न्हाय, आत्याबाई, पेपर हाय. गूळ हाय." त्या म्हणाल्या, "गुळाचं बी वाईट चाललंय वाटतं. म्हस सडातनं रडायल्या." आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. एवढं डोळ्यांदेखत घडलं तरी मी मानलं नाही. मला वाटलं, गुळाच्या वेळी धार जरा पातळ होती.

पेंढ्याचं रेडकू आत्याबाईंनी माळ्यावर टाकलं, आणि त्याच्या जागी, म्हशीच्या तोंडापुढं, मला पाटावर बसवलं. हे वाक्य मी आज लिहिते आहे म्हणून त्यातलं काय ते मला दिसतं. तेव्हा मी पाट पुसून घेतला आणि ऐटीत बसले. सकाळी गोठ्यात, संध्याकाळी कट्ट्यावर; डोक्यावरून पदर, मांडीवर पुस्तक. आधी माणसं हसली. मग पेला हातात धरून थांबायला लागली. दूध पिऊन झालं तरी हलायची नाहीत. कुणी मधे बोललं तर म्हातारी गिऱ्हाइकं दटावायची, "ओ पावणं, गप बसा की जरा. म्हस ऐकायल्या." मला नाव पडलं म्हशीची मास्तरीण. आत्याबाईंनाच खरं तर कादंबऱ्यांचं वेड लागलं, भाकरी थापताना त्या विचारायच्या, "त्यो डाकवाला मेल्यावर घोड्याला कोण सांभाळणार गं?" नागपंचमीला माहेरची गाडी आली आणि तशीच परत गेली. मी गेले असते तर म्हैस आटली असती. आईला वाईट वाटलं. मला मात्र अभिमान वाटला. मैत्रीसाठी माहेर सोडलेली नायिका मी त्याआधी कुठल्याच कादंबरीत वाचली नव्हती.

कट्ट्यावर माझं वाचन सगळ्यांत मन लावून ऐकणारा माणूस होता तो हेडी. तो यायचा, एक पेला दूध घ्यायचा, खांबाला टेकून उभा राहायचा आणि माझ्याकडं न बघता म्हशीच्या कानांकडं बघायचा. मी वाचायला लागले की तिचे कान कसे फिरतात ते बघायचा. एकदा पुस्तक मिटताना त्यानं विचारलं, "एवढं ऐकती व्हय वैनी तुमचं?" मी मान वर करून म्हटलं, "ऐकती म्हंजे? माझ्या आवाजावर कुठं बी येईल." त्यानं डोकं हलवलं. पेला धुऊन परत ठेवला. "चांगलं हाय की," म्हणाला. इतक्या वर्षांनंतरही त्या तीन शब्दांत काय होतं ते मला नेमकं सांगता येत नाही. ते शब्द वाईट नव्हते. कुणी वजनकाट्यावर बोट ठेवावं तसे ते होते, एवढंच.

आता मैत्रीच्या कादंबऱ्यांत एक गोष्ट कुणी लिहीत नाही, ती म्हणजे जनावर खातं काय आणि कुणाचं. म्हशीचं दूध हळूहळू उतरत गेलं. ते उतरतंच, पुन्हा गाभण राहिली, व्याली, की पुन्हा भरतं. ही राहीना. एकदा नाही राहिली, पुन्हा नाही राहिली. मी दुप्पट वाचायला लागले. लवकर उठून वाचायची, घसा बसला तर खडीसाखर चघळत वाचायची. तांब्या अर्धा भरायचा, मग तळ झाकण्यापुरता, मग नुसता ओला व्हायचा. एक दिवस आत्याबाई रिकाम्या तांब्यात बघत बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "आवाजानं पान्हा सुटतूया पोरी. आवाजानं म्हस गाभ न्हाय ऱ्हात." मी म्हटलं, मी जेवणार नाही. कादंबरीतली एक मुलगी जेवली नव्हती आणि तिच्या बापाचं मन पालटलं होतं. आत्याबाईंनी माझ्या ताटातली भाकरी उचलली, गोठ्यात नेली, म्हशीला घातली. परत येऊन म्हणाल्या, "तुझी तिला दिली. उद्या बी दितो. परवा बी दितो. मग तू काय खाशील, आन् ती किती दिस खाईल?" त्या खेकसल्या नाहीत. तिखट बाई खेकसायची थांबली की घरात काहीतरी ठरलेलं असतं. टॉवेल हलताना मला दिसला नाही, पण त्या आठवड्यात नवऱ्यानं माझ्याकडं नीट बघितलं नाही.

पाठवायच्या दिवशी तिला न्हाऊ घातलं. शिंगांना तेल लावलं, कपाळावर हळदकुंकू, भाकरीचा तुकडा. माझ्या पाठवणीला आईनं केलं होतं तेच सगळं, त्याच क्रमानं. फक्त आत्याबाई रडत नव्हत्या. हेडी आणि त्याचा एक माणूस दोर घेऊन आले. गल्लीच्या तोंडाशी मालट्रक उभा होता, फळी लावलेली. ती गोठ्याच्या दारापर्यंत आली, अंगणापर्यंत आली, आणि गल्लीतल्या नळाच्या कोपऱ्यावर थांबली. ओढलं तर मान ताठ केली. शेपूट पिरगाळली तर फुस्कारली, चारही पाय रोवून उभी राहिली. त्या माणसानं हातातली काठी वर केली. गल्लीतली दारं अर्धी उघडी, प्रत्येकात एक तोंड. आणि माझ्या मनात, खोटं कशाला सांगू, गुदगुल्या झाल्या. मला वाटलं, बघा, नाही ना जात! मला सोडून नाही जात!

हेडीनं हात करून काठी थांबवली. माझ्याकडं वळला. अगदी आर्जवानं म्हणाला, "वैनी, वाचा की जरा. कट्ट्यावर वाचताय तसं."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो नळाकडं बघत होता. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "वाच. न्हाईतर मारत नेतील." नावाड्याचं ते पुस्तक माझ्या हातातच होतं, निरोपाला पुन्हा वाचायचं म्हणून मी ते आणलं होतं, काय सांगू तुम्हाला! मी उघडलं. पहिला शब्द तोंडातून निघाला, आणि एकदा निघाल्यावर इचलकरंजीची ती चाल आपोआप चालू लागली. मी पुढं, ती मागं. दोर सैल पडला होता; त्या माणसानं तो नुसता हातात धरला होता. तिचे खूर मला ऐकू येत होते, तिचा ऊन श्वास मानेला लागत होता, आणि मी वाचत होते, की कुत्रा पुरात पोहत पोहत गाव सोडून गावाच्या पुढं वाहत गेला आणि तरीही घरी परत आला. फळीपाशी ती पुन्हा थांबली. म्हणून मी फळीवर चढले. ट्रकात आत गेले, वाचत. ती चढली. फळी तिच्या वजनानं वाकली, कुणीतरी मला हाताला धरून बाजूनं खाली उतरवलं, मागच्या फळ्या लागल्या, आणि मी खाली उभी राहून वाचत होते, कारण मी थांबले की ती मान वळवत होती. फळ्यांच्या फटींतून मला तिचे मागचे पाय दिसले. ते तिनं जरा फाकवले होते. दूध काढायला उभं राहावं तसे. कास वाळून कातडं झाली होती, आणि ती माझ्या आवाजावर वाट बघत उभी होती.

ट्रक गेला. मी वाचत होते. नवऱ्यानं येऊन माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं.

या ठिकाणी कादंबरीतली मुलगी शहाणी होते. आमची पोरगी काय झाली ते ऐका. संध्याकाळी तिनं ते पुस्तक नवऱ्याच्या खुंटीवरच्या पिशवीतून काढून आणलं, माजघरात बसून उरलेली पानं वाचली, आणि शेवटाच्या जरासं अलीकडं तो कुत्रा मेला तेव्हा तोंडात पदर कोंबून रडली. कुत्र्यासाठी. म्हशीसाठी रडू आलं नाही, ते पुढंही कधी आलं नाही. त्याची वाट मी बरीच वर्षं बघितली. आत्याबाई गेल्या तेव्हा वाटलं, आता येईल, आलं नाही. रडायला जागा लागते, आणि गोष्टीत कुणीतरी ती मोकळी सोडलेली असते तिथंच ती सापडते. आमच्या गल्लीत नळाच्या कोपऱ्यापासून ट्रकापर्यंत तशी जागा नव्हती. तिथं मला वाचायचं होतं.

गोठा अजून आहे, मुलगा बघतो. फरशी झाली, पंखे लागले. रेडकांचं काय होतं ते मी विचारत नाही. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशींची मिरवणूक असते; शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, गळ्यात कवड्यांचे पट्टे घालतात. मालक मोटारसायकलवर बसून फटफट आवाज काढत पुढं निघतो, हाक मारतो, आणि म्हैस त्याच्या मागं जिवाच्या आकांतानं धावत सुटते. दोर नाही, काठी नाही. बघायला गावोगावचे लोक येतात, मोबाइल वर धरून उभे राहतात, म्हणतात, बघा, काय जीव लावलाय मुक्या जनावरानं! खोटं नाही ते. तिनं जीव लावलेला असतोच. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसते, टाळ्याही वाजवते. सगळे तिच्या धावण्याकडं बघतात. मी आपली वाहन कुठल्या बाजूला वळतंय तेवढं बघत राहते. ते आपलं गोल फिरून घरीच येतं, आजवर दर वर्षी घरीच आलं आहे. मग अंगणातून मुलगा वर बघून ओरडतो, "आई, एकदा तू हाक मार की! तुझ्या आवाजाला लई जोरात पळंल." मी घशाला हात लावून खूण करते, बसलाय म्हणून. पाडव्याला माझा घसा नेमका बसतो. घरातले म्हणतात, चकल्या तळायला बसते ना, तेलानं होतं.